हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन करायचंय? आधी एका डिस्चार्ज फाइलच्या मागे चाला

इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या एक काकू दर मे महिन्यात कुणा ना कुणाला माझ्याकडे पाठवतात. यंदा आलेली मुलगी बी.एस्सी. झालेली. हातात तीन कॉलेजांची माहितीपत्रकं, आणि तिन्हींवर पांढरा कोट घालून, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून हसणारी मुलं. तिने विचारलं, "ताई, यातलं कुठलं चांगलं?"

मी उलट विचारलं, "हॉस्पिटलात कधी दिवस काढला आहेस?"

आजोबांच्या वेळी काढला होता, म्हणाली.

"तेव्हा सगळ्यात जास्त राग कशाचा आला?"

तिला आठवावं लागलं नाही. "डॉक्टरांनी सकाळी सांगितलं, आज घरी जा. आम्ही सुटलो संध्याकाळी सहाला. मधे काय चाललं होतं ते कुणी सांगेना."

ते मधे जे चाललं होतं, तेच हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. त्यात स्टेथोस्कोप लागत नाही. लागतात ते पाय, डोकं आणि लोकांशी शांतपणे बोलण्याची सवय. इंदूरच्या खासगी हॉस्पिटलांत बिलिंगच्या खिडकीपासून ऑपरेशन्सपर्यंत मी पंधरा वर्षं काढली आहेत. त्या मुलीला जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहिते आहे. बी.एस्सी., बी.कॉम., बी.ए. झालेल्यांसाठी आहे, तसंच नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, बीएएमएस, बीएचएमएस करून आता वेगळी वाट शोधणाऱ्यांसाठीही आहे.

पहिली पायरी: फॉर्म भरण्याआधी महिनाभर उभं राहा

लोक आधी प्रवेश घेतात आणि दुसऱ्या वर्षी इंटर्नशिपला आल्यावर त्यांना कळतं की हे काम आपल्याला झेपणारं किंवा आवडणारं नाही. तोवर दीड वर्ष आणि घरच्यांचे पैसे गेलेले असतात. म्हणून हा क्रम उलटा करा.

घराजवळच्या तीस-पन्नास बेडच्या नर्सिंग होममध्ये जा. मोठ्या हॉस्पिटलात एचआरकडून परवानगी मिळायला वेळ लागतो, लहान ठिकाणी डॉक्टर स्वतःच हो म्हणतात. एक साधा अर्ज लिहा: एक महिना, विनावेतन, काम समजून घेण्यासाठी, रुग्णांची माहिती बाहेर जाणार नाही याची लेखी हमी. ओळख असेल तर जरूर वापरा. इंदूरच्या मराठी घरांत कुणाचा तरी भाऊ, वहिनी किंवा शेजारी हॉस्पिटलात असतोच.

तिथे गेल्यावर एकच काम करा. एक डिस्चार्जची फाइल निवडा आणि ती जिथे जाईल तिथे तिच्या मागे जा. वहीत फक्त वेळा लिहा.

साधारण असं दिसेल. नऊ चाळीसला राउंडवर मोठे डॉक्टर म्हणतात, "आज सोडा." आरएमओने, म्हणजे वॉर्डातल्या निवासी डॉक्टरने, समरी (उपचारांचा सारांश) लिहायची असते, पण त्याला ओटीत, ऑपरेशन थिएटरमध्ये, बोलावलेलं असतं. सव्वाअकराला समरी टाइप होते, पण डॉक्टरांची सही राहते, कारण ते ओपीडीत (बाह्यरुग्ण विभागात) बसलेले. दरम्यान सिस्टरने उरलेली औषधं फार्मसीला परत पाठवायची असतात. ती परत गेली, तरी फार्मसीने ती संगणकात चढवेपर्यंत बिल बंद करता येत नाही. एक कल्चर रिपोर्ट (जंतूंची तपासणी) लॅबमध्ये अडकलेला. बिलिंगवाला ओटीच्या सामानाची नोंद तपासतो, तर शरीरात बसवलेल्या इम्प्लांटचं स्टिकर फाइलमध्ये नसतं. मग इन्शुरन्सची खिडकी. फायनल बिल, समरी, रिपोर्ट, सगळं पोर्टलवर चढवलं की टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडून, प्रश्न येतो: ब्लड प्रेशरचा त्रास किती वर्षांपासून? याचं उत्तर पुन्हा डॉक्टरांच्या सहीने द्यायचं. मंजुरी येते, त्यातून हातमोजे, नोंदणी फी अशा न मिळणाऱ्या रकमा वजा होतात, आणि त्यावरून नातेवाइकांशी वाद होतो. पैसे भरले, गेटपास मिळाला, आता व्हीलचेअर रिकामी नाही. या पूर्ण वेळात खंडव्याहून आलेलं एक कुटुंब खिडकीशी येऊन तेच विचारत असतं: "मैडम, छुट्टी कब होगी?" आणि खाली इमर्जन्सीत दुसरा रुग्ण याच बेडची वाट बघत स्ट्रेचरवर असतो.

विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, मे २०२४ मध्ये स्पष्ट केलं की कॅशलेसची (विमा कंपनी थेट हॉस्पिटलला पैसे देते, त्या सोयीची) सुरुवातीची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी हॉस्पिटलची विनंती पोचल्यापासून तीन तासांत द्यायची. नियम चांगला आहे. पण वहीतल्या वेळा बघा. ते तीन तास विनंती पोचल्यावर सुरू होतात. नऊ चाळीसपासून विनंती जाईपर्यंतचे आपले तीन-चार तास कुणाच्याच घड्याळात नसतात, आणि ते कमी करणं हे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं काम. उपाय अवघड नाहीत: आदल्या संध्याकाळी उद्याच्या डिस्चार्जची यादी, समरीचा कच्चा मसुदा रात्रीच तयार, उरलेली औषधं सकाळी आठच्या आत परत. अवघड आहे ते डॉक्टर, सिस्टर, फार्मसी आणि बिलिंग या चौघांना रोज, न चिडता, हे करायला लावणं.

माझ्या वडिलांच्या वेळी एका हॉस्पिटलात परत केलेल्या इंजेक्शनांचे पैसे बिलातून वजाच झाले नव्हते. सिस्टरने परतीची चिठ्ठी नीट केली होती. ती फार्मसीच्या ट्रेमध्ये तशीच पडून होती. कुणी फसवलं नव्हतं, कुणी बघितलं नव्हतं. आईने वही ठेवली होती म्हणून कळलं. वही न ठेवणाऱ्या घरांचं काय होत असेल, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

महिनाभराने तुम्हाला त्या गर्दीत वैताग आला असेल, तर दुसरं क्षेत्र बघा, काही बिघडलं नाही. पण "ही व्हीलचेअर इथे ठेवली तर?" असं मनात येऊ लागलं असेल, तर पुढे वाचा.

दुसरी पायरी: दोन हिशेब हाताने करून बघा

कोर्सला जाण्याआधी हे समजलं तर मुलाखतीतही उपयोगी पडतं. समजा हॉस्पिटल १०० बेडचं आहे आणि महिना ३० दिवसांचा. म्हणजे ३,००० बेड-दिवस हाताशी आहेत. त्यातले २,१०० वापरले गेले, तर बेड ऑक्युपन्सी ७० टक्के. त्या महिन्यात ५२५ रुग्ण घरी गेले, तर २,१०० भागिले ५२५, म्हणजे एक रुग्ण सरासरी ४ दिवस राहिला. याला अ‍ॅव्हरेज लेंग्थ ऑफ स्टे म्हणतात.

आता उपचार तसेच ठेवून, फक्त तपासण्या वेळेवर आणि डिस्चार्ज लवकर करून ही सरासरी साडेतीन दिवसांवर आणली, तर त्याच २,१०० बेड-दिवसांत ६०० रुग्ण बसतात. एकही बेड न वाढवता ७५ माणसांना जागा मिळाली. मालकाला यात उत्पन्न दिसतं. मला स्ट्रेचरवर वाट बघणारा माणूस दिसतो. दोघांचंही बरोबर आहे, पण एक सांभाळायचं: सरासरी कमी करण्याच्या नादात अजून बरा न झालेला रुग्ण घरी जाता कामा नये. म्हणून या आकड्याच्या शेजारी नेहमी दुसरा आकडा ठेवायचा, महिन्याभरात पुन्हा भरती झालेले किती.

तिसरी पायरी: डिग्री निवडणं

नावं पुष्कळ आहेत, प्रकार थोडे.

बारावीनंतर तीन वर्षांची बीएचए (बॅचलर ऑफ हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) किंवा बीबीए (हॉस्पिटल मॅनेजमेंट) मिळते. बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेची बारावी चालते. माझं मत विचाराल तर बारावीनंतर लगेच याच्यात शिरू नका. साधं बी.एस्सी., बी.कॉम. किंवा नर्सिंग केलेल्या मुलाला पुढे दोन दारं उघडी राहतात, याला एकच.

पदवीनंतर दोन वर्षांची एमएचए (मास्टर ऑफ हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) किंवा एमबीए (हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन), हा मुख्य रस्ता. कोणतीही पदवी चालते, साधारण पन्नास टक्क्यांची अट असते. एमएचएमध्ये हॉस्पिटलचे विभाग, क्वालिटी, साथरोगशास्त्र जास्त असतं. एमबीएमध्ये हिशेब, मार्केटिंग, एचआर जास्त. पण प्रत्येक विद्यापीठ आपल्या मनाने मिसळतं, म्हणून नावावर जाऊ नका, अभ्यासक्रमाची पानं उघडून विषय वाचा.

आधीच नोकरीत असाल, सिस्टर किंवा फार्मासिस्ट असाल, तर इग्नूचा हॉस्पिटल अँड हेल्थ मॅनेजमेंटचा पीजी डिप्लोमा बघा. नोकरी न सोडता होतो. त्याची पात्रतेची अट मात्र आधी नीट वाचा, सगळ्यांसाठी तो खुला नाही.

एमबीबीएस डॉक्टरांसाठी एमडी (हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) आहे. दिल्लीच्या एम्समध्ये ते चालतं, प्रवेश आयएनआय-सीईटीतून, म्हणजे एम्ससारख्या राष्ट्रीय संस्थांच्या पीजी प्रवेश परीक्षेतून, होतो. हे सांगण्याचं कारण असं की मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या खुर्चीवर बहुधा डॉक्टरच बसतो. बिगर-डॉक्टरांनी हे सुरुवातीलाच समजून घेतलं की पुढे मन खट्टू होत नाही. तुमची वाट ऑपरेशन्स, क्वालिटी, फायनान्स, खरेदी यांतून वर जाते, आणि ती सीईओपर्यंत जाऊ शकते.

चौथी पायरी: इंदुरातच की बाहेर?

देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट स्टडीजमध्ये, खंडवा रोडच्या तक्षशिला परिसरात, हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचं दोन वर्षांचं एमबीए आहे. अलीकडे प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतात, त्या वर्षीची पुस्तिका बघून खात्री करा. सरकारी विद्यापीठ, घरचं जेवण, आणि शहरातच एवढी हॉस्पिटलं, ही त्याची बाजू.

बाहेर जायचं असेल तर मुंबईची टीआयएसएस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), पुण्याचं सिम्बायोसिस आणि जयपूरचं आयआयएचएमआर ही नावं या क्षेत्रात मुरलेली आहेत. जयपूरची संस्था १९८४ ची, आरोग्य व्यवस्थापनासाठीच काढलेली. टीआयएसएसला प्रवेश मिळाला तर जा, दोनदा विचार करू नका. बाकी ठिकाणी फी आणि घरचं कर्ज समोर ठेवून ठरवा.

इंदूर मात्र शिकायला फार चांगलं गाव आहे, हे इथल्यांनाच कळत नाही. एकीकडे एम.वाय., म्हणजे महाराजा यशवंतराव हॉस्पिटल: १८७८ च्या किंग एडवर्ड मेडिकल स्कूलचा वारसा सांगणाऱ्या एमजीएम मेडिकल कॉलेजशी जोडलेलं सरकारी हॉस्पिटल, जिथे झाबुआ, धार, खरगोन, बडवानीपासून माणसं येतात. दुसरीकडे चोइथराम, बॉम्बे हॉस्पिटल, अपोलो, मेदांता, अरबिंदो. सरकारी, ट्रस्टचं, कॉर्पोरेट, मेडिकल कॉलेजचं, असे चारही प्रकार एका गावात, दुचाकीवर तासाभरात बघून होतात. आणि आपली मराठी इथे कामाची आहे. बऱ्हाणपूरकडून येणाऱ्या कित्येक घरांत मराठी बोलली जाते. पंचविशीतल्या मुलाचे आईवडील घाबरून माझ्या खिडकीशी हिंदीत अडखळत होते, मी "बसा काका, पाणी घ्या" म्हटलं आणि त्यांचा अर्धा ताण उतरला. उद्या पुणे, नाशिक, नागपूरला नोकरी बघायची झाली, तरी हीच भाषा हाताशी असते.

पाचवी पायरी: कॉलेज तपासणं

डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांना कौन्सिलची नोंदणी लागते. हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला अशी कोणतीही नोंदणी लागत नाही. त्यामुळे दोन खोल्या आणि एक पाटी एवढ्यावरही कोर्स सुरू होतात, आणि तपासण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

विद्यापीठ यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीत आहे का ते बघा. पीजीडीएम (मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा) असेल तर एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता हवी. दूरस्थ किंवा ऑनलाइन असेल, तर यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं, त्याच कोर्सचं नाव त्याच वर्षासाठी असायला हवं. गेल्या वर्षी होतं, एवढं पुरत नाही.

मग कॉलेजात जाऊन विचारा: इंटर्नशिप किती महिन्यांची, कोणत्या हॉस्पिटलात, आणि त्याचं लेखी करारपत्र आहे का? शिकवणाऱ्यांपैकी कितीजणांनी प्रत्यक्ष हॉस्पिटलात काम केलं आहे? प्लेसमेंटची यादी दाखवतील तेव्हा "सर्वाधिक पॅकेज" या ओळीवरून बोट खाली आणा आणि शेवटच्या दहा मुलांना काय मिळालं ते विचारा. गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या पाच जणांचे फोन मागा. देत नसतील, तर तेच उत्तर समजा. पगाराबद्दल या पाच जणांशी बोलताना हातात पडणारी रक्कम, ड्यूटीचे तास आणि महिन्यातल्या नाइट किती, हे तिन्ही एकत्र विचारा. पहिल्या नोकरीत पगार बेताचाच असतो, तो घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

सहावी पायरी: त्या दोन वर्षांत काय हाताखालून घालायचं

वर्गात सगळं शिकवतात, पण नोकरी देणारे आम्ही लोक थोड्याच गोष्टी तपासतो.

एनएबीएच. हॉस्पिटलांच्या गुणवत्तेची ही देशातली मुख्य मान्यता. तिच्या मानकांची १० प्रकरणं: पहिली पाच रुग्णाच्या उपचारांबद्दल, पुढची पाच संस्थेच्या कारभाराबद्दल. सगळी पाठ करायची गरज नाही. एक प्रकरण निवडा, समजा औषधांचं, आणि इंटर्नशिपच्या हॉस्पिटलात त्यातली प्रत्येक ओळ पाळली जाते का ते वॉर्डात जाऊन बघा. मुलाखतीत "माझ्या पाहणीत फ्रिजच्या तापमानाच्या नोंदी रविवारी कोऱ्या होत्या" असं सांगणारा मुलगा मला व्याख्या पाठ केलेल्यापेक्षा शंभरदा बरा वाटतो.

कायदे. मध्य प्रदेशात खासगी हॉस्पिटलची नोंदणी १९७३ च्या उपचर्यागृह व रुजोपचार संस्थांच्या कायद्याखाली होते. सोनोग्राफी असेल तर गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा आणि त्याचा नोंदीचा फॉर्म एफ, एक्स-रे आणि सीटीसाठी एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना, त्यावर फायर एनओसी (अग्निशमनचा ना-हरकत दाखला), लिफ्ट, फार्मसी, ब्लड बँक. यातल्या प्रत्येकाची मुदत संपते, आणि ती संपण्याआधी आठवण ठेवणारा माणूस हॉस्पिटलला हवा असतो. इंटर्नशिपमध्ये या परवान्यांचा एक तक्ता स्वतः बनवा.

जैववैद्यकीय कचरा. २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्ताने भरलेला कापूस-पट्ट्या पिवळ्यात, सलाइनच्या नळ्या आणि हातमोजे लालमध्ये, सुया-ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. चार्ट सगळ्या भिंतींवर असतो. तरी लाल पिशवीत सुई जाते आणि ती उचलणाऱ्या मावशींच्या हाताला टोचते. रोज सकाळी एका वॉर्डाच्या पिशव्या उघडून बघण्याची सवय लावा. मी अजूनही करते.

आणि एक्सेल. पिव्हट टेबल, म्हणजे मोठ्या यादीची गटवार गोळाबेरीज काढणारी सोय, आलंच पाहिजे. हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमधून हजार ओळी निघतात, त्यातून "मंगळवारी डिस्चार्ज का उशिरा होतात" हे काढता आलं पाहिजे.

सातवी पायरी: पहिली नोकरी आणि पुढची वाट

सुरुवात बहुधा फ्लोअर कोऑर्डिनेटर, ऑपरेशन्स किंवा क्वालिटी एक्झिक्युटिव्ह, टीपीए डेस्क, ओपीडी किंवा बिलिंग यातल्या एखाद्या जागेवर होते. एमबीए होऊन खिडकीत बसायचं का, असं मुलं विचारतात. बसा. वर्षभर टीपीए डेस्कवर बसलेल्याला हॉस्पिटलचा पैसा कुठे अडकतो ते कळतं, आणि ते पुढे कुठल्याही खुर्चीवर उपयोगी पडतं. पण तिथेच तीन वर्षं राहू नका. दर दीड-दोन वर्षांनी विभाग बदलून मागा. तेच ते हॉस्पिटल चालेल, काम वेगळं हवं.

सरकारी बाजूही आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात जिल्हा आणि ब्लॉक पातळीवर कार्यक्रम व्यवस्थापकांची पदं असतात, कंत्राटी, पण काम मोठं. सरकारी दवाखान्यांच्या गुणवत्तेसाठी एनक्यूएएस ही राष्ट्रीय मानकं आणि २०१५ पासून स्वच्छतेसाठी कायाकल्प योजना आहे, त्यांचं काम जाणणारी माणसं लागतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, त्यामुळे योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात तिचे क्लेम सांभाळणारी खिडकी आली. झाबुआच्या आदिवासी बाईला कार्ड असूनही कागदाअभावी परत जावं लागू नये, हे काम मला कुठल्याही मोठ्या पॅकेजइतकं मोलाचं वाटतं.

रेकॉर्ड आणि आकड्यांत गोडी असेल तर मेडिकल रेकॉर्ड्स, क्लिनिकल कोडिंग (आजार-उपचारांना ठरलेले कोड देणं), हेल्थ आयटी बघा. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात आरोग्य-माहिती व्यवस्थापनाचा स्वतंत्र गट केला आहे. विमा कंपन्या आणि टीपीए यांच्याकडेही हॉस्पिटल आतून पाहिलेली माणसं घेतात.

घरच्यांसाठी एक शब्द. या नोकरीत दिवाळीलाही ड्यूटी लागते. गणपतीत आरतीच्या वेळी फोन वाजतो. मुलगी असेल तर रात्री परतायची सोय हॉस्पिटल देतं का, हे नेमणुकीच्या वेळीच लेखी विचारा. संकोच करू नका, चांगल्या संस्था स्वतःच सांगतात.

ती सुदामा नगरची मुलगी जूनपासून एका लहान नर्सिंग होममध्ये उभी राहते आहे. माहितीपत्रकं काकूंच्या कपाटावर आहेत. रोज दुपारी ती मला वेळांचा तक्ता पाठवते, रुग्णांची नावं न लिहिता. काल चौदा फाइलींपैकी पाच औषधांच्या परतीत अडकल्या होत्या. आज ती सकाळी आठलाच फार्मसीच्या ट्रेपाशी जाऊन थांबणार आहे.